फॉरमॅट मारला. ओके.

मंडळी, आजचा लेख जरा चिडून लिहितोय, आधीच सांगून ठेवतो.

माझ्या मामाचं भोसरी एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. सहा मशीन, पंधरा-सोळा माणसं, चाकणच्या एका मोठ्या व्हेंडरला ब्रॅकेट आणि हाउसिंग करून द्यायचं काम. तिथे एक मेन्टेनन्स रजिस्टर आहे, निळ्या पुठ्ठ्याचं, कोपरे तेलाने काळे झालेलं. त्यात १३ जून २०२४ ची नोंद अशी आहे: "पीसी चालू होत नव्हता. फॉरमॅट मारला. ओके."

बस्स. तीन वाक्यं. त्या 'ओके'वर माझा सगळा राग आहे.

झालं असं की त्या पीसीवरून मशीनना प्रोग्राम पाठवतात. जुन्या व्हीएमसीची मेमरी एवढीशी, मोठा प्रोग्राम तिच्यात मावतच नाही. मग पीसीतून सीरियल केबलने थोडा थोडा सोडत राहायचं. बुधवारी पीसीचं सीरियल पोर्ट गेलं, म्हणून यूएसबीला लावायचा कन्व्हर्टर आणला. त्याला ड्रायव्हर हवा. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा पोरगा आला, त्याच्या पेनड्राइव्हमध्ये सगळ्या जगाचे ड्रायव्हर एकत्र शोधून टाकणारा एक फुकटचा गठ्ठा होता, तो त्याने चालवला. इन्स्टॉलेशन मध्येच अडकलं, 'फेल्ड' म्हणालं, रीस्टार्ट मागितला. रीस्टार्ट केल्यावर विंडोजचा लोगो, क्षणभर निळा स्क्रीन, परत रीस्टार्ट. परत लोगो, परत निळा. सेफ मोडमध्येही तेच. दुसऱ्या दिवशी गुरुवार, म्हणजे आमच्या एमआयडीसीची सुट्टी. पोराने निवांत बसून फॉरमॅट मारला.

मी शनिवारी पोहोचलो तर पीसी झकास चालू होता. नवा वॉलपेपर, रिकामा डेस्कटॉप. आणि सेटरकाका मशीनशेजारच्या स्टुलावर बसले होते. नुसते बसले होते. गेली सात वर्षं मी त्यांना नुसतं बसलेलं पाहिलं नव्हतं.

गेलं काय ते सांगतो. सहा वर्षांचे प्रोग्राम. आता कुणी म्हणेल, ड्रॉइंग आहे, कॅमवर परत काढा की. काढता येतात हो, आकार तोच येतो. पण जी-कोडमध्ये कंसात लिहिलेलं मशीन वाचत नाही, ते माणसासाठी असतं. आणि काकांनी प्रत्येक प्रोग्राममध्ये रोमन अक्षरांत मराठी लिहून ठेवलं होतं. इथे फीड कमी ठेव, कोपऱ्यात टूल तुटतं. हे फिक्स्चर डावीकडून दाब, उजवीकडून दाबलं तर भोक सरकतं. पावसाळ्यात पहिला पीस टाकून दे. प्रत्येक ओळीमागे एक तुटलेलं टूल किंवा एक भंगारात गेलेला पीस. मशीनच्या मेमरीत जे चार-पाच प्रोग्राम पडून होते तेवढे वाचले.

"बॅकअप नव्हता?" हा प्रश्न तुमच्या ओठावर आलाय, माहितीये. होता ना! डी ड्राइव्हवर होता. त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवर. इन्स्टॉल करताना विंडोजने पार्टिशनबद्दल काहीतरी कुरकुर केली, पोराने सगळी पार्टिशन उडवली आणि एकच मोठं केलं. मी दिवसभर रिकव्हरीची सॉफ्टवेअरं चालवून पाहिली. जुनी फिरती डिस्क असती तर बरंच काही हाती लागलं असतं, कारण तिथे फॉरमॅट म्हणजे फक्त अनुक्रमणिका फाडणं असतं, पानं तशीच राहतात. पण मागच्याच वर्षी मीच मोठ्या हौसेने तिथे एसएसडी बसवली होती. एसएसडीला विंडोज सांगतं की हे कप्पे रिकामे झाले, आणि मग ती आपणहून ते साफ करून टाकते. फाइलींच्या जागी नुसती शून्यं.

मी मामाला विचारलं, "पण बिघडलं काय होतं?"

"अरे विंडोज उडालं होतं."

"का उडालं?"

"आता का म्हणजे? उडतं कधी कधी."

आणि इथे मला खरा झटका बसला. कारण त्याच आठवड्यात मामाच्या टेबलावर दुसरा एक कागद पडला होता. चाकणहून तक्रार आली होती: एका लॉटमध्ये तीन पीसचं भोक मोठं. तीन! त्यासाठी मामाने अख्खा ८-डी रिपोर्ट केला होता. पाच वेळा 'का', माशाच्या काट्याची आकृती, आधीचे-नंतरचे फोटो, गोदामातला सगळा माल तपासल्याची नोंद, ऑपरेटरला शिकवल्याच्या कागदावर पंधरा सह्या. भोक मोठं का? रीमर घासला. का? बदलायची वेळ उलटून गेली. का? काउंटर नव्हता. असं खाली खाली जात मामा मुळापर्यंत गेला होता आणि मशीनवर काउंटर बसवला होता.

पाच वेळा 'का' विचारायची ही पद्धत टोयोटातून निघाली, ८-डी फोर्डने १९८७ मध्ये आणलं, आणि आमच्या पट्ट्यात दोन्ही इतकी मुरलीत की चाकणच्या आंबेठाण चौकात भेळ विकणारासुद्धा एखाद्या दिवशी व्हाय-व्हाय करून दाखवेल. तीन पीससाठी पाच 'का'. सहा वर्षांच्या प्रोग्रामसाठी एकही नाही. 'उडतं कधी कधी.' हेच वाक्य रीमरबद्दल चाकणच्या क्वालिटीवाल्यासमोर म्हणून दाखव म्हणावं!

माझं म्हणणं एवढंच आहे. फॉरमॅट ही दुरुस्ती नाही. फॉरमॅट म्हणजे नापास झालेला पीस न मोजता वितळवून टाकणं. पीसही गेला आणि कारणही गेलं.

त्यातून ही भीती मुळात खोटी आहे. एखादं सॉफ्टवेअर अर्धवट बसून कॉम्प्युटर चालू होईना, तेव्हा बहुतेक वेळा तुमच्या फाइलींना काहीही झालेलं नसतं. बूट होणं म्हणजे एक असेंब्ली लाईन आहे. बटण दाबलं की आधी मदरबोर्डवरचा प्रोग्राम जागा होतो, मेमरी-कीबोर्ड बघतो, डिस्क शोधतो. मग डिस्कवरचा बूट मॅनेजर कोणतं विंडोज चालू करायचं ते ठरवतो. मग लोडर विंडोजचा गाभा आणि अगदी गरजेचे ड्रायव्हर उचलतो. मग बाकीच्या सर्व्हिस, मग लॉगिन. लाईन कुठल्या स्टेशनला थांबली ते पाहिलं की दोष कुठे असेल ते निम्मं कळतं. कंपनीचा लोगोच आला नाही तर विंडोजचा काही संबंध नाही, मेमरी काढून पुसून लावा. बूट करायला काही सापडत नाही असा मजकूर आला तर आधी एखादा पेनड्राइव्ह लावून ठेवलाय का बघा (हसू नका, आमच्या हापिसात सीनियर आर्किटेक्टने यात अर्धा तास घालवलाय). विंडोजचा लोगो येऊन निळं पडलं तर डिस्क, बूट मॅनेजर, लोडर सगळे पास झालेत, घोळ पुढच्या ड्रायव्हरमध्ये आहे. आणि लॉगिननंतर अडकलं तर सेफ मोडमध्ये जाऊन जे नुकतं टाकलं ते काढा. पोलीस चौकशीसारखा पहिला प्रश्न कायम एकच: शेवटी इथे कोण आलं होतं?

आता पुढचा अंक ऐका. २२ जून, शनिवार. मी तिथेच होतो, मॅन्युअली टाइप केलेले प्रोग्राम तपासत. तोच पोरगा इन्स्पेक्शन रूममध्ये लेबल प्रिंटर जोडायला आला. सीएमएमच्या पीसीला. म्हणजे ज्यावर मोजमापाचे सगळे प्रोग्राम आणि मशीनच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स आहे, तो पीसी. त्याने कुठला पेनड्राइव्ह लावला असेल? बरोबर. अर्ध्या तासात लोगो, निळा, रीस्टार्ट. लोगो, निळा, रीस्टार्ट.

पोरगा बॅगेतून विंडोजचा पेनड्राइव्ह काढत होता. मी अक्षरशः त्याचा हात धरला.

हा पीसी विंडोज ७ चा. (हो, अजूनही. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये सपोर्ट थांबवला, पण सीएमएमला कोण सांगणार?) आधी एफ८ दाबून 'आपोआप रीस्टार्ट करू नको' हा पर्याय निवडला. निळा स्क्रीन एकदाचा थांबला आणि वाचता आला. शेवटी ७बी. मोबाइलवर फोटो काढला. ७बीचा अर्थ असा की विंडोज सुरू झालं, पण ज्या डिस्कवरून सुरू झालं तीच त्याला दिसेनाशी झाली. म्हणजे घर जागेवर, सामान जागेवर, फक्त कुलपाला भलतीच किल्ली लावलीये. डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर कुणीतरी बदललाय, किंवा बायोसमधलं सेटिंग. बायोसला कुणी हात लावला नव्हता.

मग परत एफ८, 'रिपेअर युवर कॉम्प्युटर'. ती स्वतंत्र छोटी विंडोज असते, मोठी आजारी असली तरी बहुतेक वेळा चालते. तिथल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये नोटपॅड उघडलं. नोटपॅड कशाला? कारण नोटपॅडमधल्या 'ओपन'च्या खिडकीत सगळ्या डिस्क दिसतात, आणि तिथून फाइली कॉपी करून पेनड्राइव्हवर पेस्ट करता येतात. खालच्या यादीत 'ऑल फाइल्स' निवडायचं मात्र विसरू नका. सी ड्राइव्ह उघडला तर जवळपास रिकामा, मामाचा चेहरा पांढरा झाला. पण तिथे अक्षरं बदलतात, आपला सी त्या दिवशी डी झाला होता. सगळं तिथेच होतं. मोजमापाचे सगळे प्रोग्राम आधी बाहेर काढले. पहिलं काम हेच, बाकी सगळं नंतर.

आणि मग सिस्टीम रिस्टोअर. यादीत सर्वात वर त्याच दिवशीचा, अर्ध्या तासापूर्वीचा बिंदू होता, आणि त्याच्यासमोर विंडोजनेच स्वच्छ लिहून ठेवलं होतं: डिव्हाइस ड्रायव्हर पॅकेज इन्स्टॉल, आणि पुढे डिस्क कंट्रोलरचं नाव. लेबल प्रिंटरसाठी आलेल्या गठ्ठ्याने जाता जाता डिस्कचा ड्रायव्हरही 'अपडेट' करून टाकला होता! त्या बिंदूवर मागे गेलो, वीस मिनिटं गोल फिरलं, पीसी उघडला. सगळं मिळून एक तासही नाही. पहिल्या पीसीचा फॉरमॅट, ड्रायव्हर, सॉफ्टवेअर आणि लायसन्सची फोनाफोनी यात दीड दिवस गेला होता, आणि काकांचा अख्खा पावसाळा जायचा होता.

म्हणजे पहिल्या वेळी पाच सोडा, एक 'का' विचारला असता तरी दुसरी वेळ आलीच नसती. दोषी तोच पेनड्राइव्ह, नऊ दिवस खिशात घेऊन फिरत होता. भोसरीतल्या आणखी किती पीसींना लागला असेल देव जाणे.

पण थांबा, पोराला शिव्या देऊ नका. मी त्याला चहा पाजत विचारलं. तो म्हणाला, "सर, मला व्हिजिटचे चारशे मिळतात. फॉरमॅट केलं की पीसी फास्ट होतो, कस्टमर खूश. तुमच्यासारखं शोधत बसलो आणि नाही सापडलं तर पैसे कोण देणार?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मशीन बंद पडलं तर सर्व्हिस इंजिनीयरच्या नुसत्या तपासणीचं बिल मामा मुकाट्याने भरतो. कॉम्प्युटरच्या तपासणीला किंमत नाही, फक्त 'चालू झाला'ला आहे. तेव्हा पोरगा तेच विकतो जे आपण विकत घेतो. त्याला दोष देण्याआधी मामाला द्या, आणि मामाच्या आधी मला, एसएसडी बसवून फुशारलो आणि बॅकअप कुठे जातो ते एकदाही पाहिलं नाही.

आणि आपण हिंजवडीवाले तरी काय मोठे दिवे लावतो? लॅपटॉप बिघडला की आयटीवाला म्हणतो रीइमेज करतो, आपण म्हणतो कर बाबा. तिथे निदान डेटा सर्व्हरवर असतो आणि इमेज तयार असते, म्हणून खपून जातं. पण घरचा लॅपटॉप, बाबांचा पीसी, सोसायटीच्या हापिसातला हिशेबाचा डबा, सगळीकडे आपलाच सल्ला: "फॉरमॅट मारून टाका काका."

त्यानंतर महिन्याभरात, १९ जुलै २०२४ ला, अख्ख्या जगाला हाच धडा मिळाला. क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल आपल्या घड्याळात सकाळी ९:३९ ला बाहेर पडली. १०:५७ ला मागे घेतली. या अठ्ठ्याहत्तर मिनिटांत मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळे पडले आणि त्यातले कित्येक लोगो-निळा-रीस्टार्टच्या चक्रात अडकले. आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले ते आठवत असेलच. आता उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जा, ड्रायव्हरच्या फोल्डरातली सी-०००००२९१ ने सुरू होणारी फाइल उडवा, रीस्टार्ट करा. एक फाइल! फॉरमॅटची गरज नव्हती. आणि कंपनीने ऑगस्टमध्ये मूळ कारण छापून जाहीर केलं: नव्या नियमांना माहितीचे २१ तुकडे लागत होते, प्रोग्राम २०च पुरवत होता, एकविसावा वाचायला गेला आणि कोसळला. आधीच्या चाचण्यांमध्ये एकविसाव्या जागी 'काहीही चालेल' असंच भरलेलं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. हा रिपोर्ट वाचून मला मामाचा रीमर आठवला. त्यांनी एवढा गोंधळ घातला ते घातलाच, पण 'उडतं कधी कधी' म्हणाले नाहीत. (म्हटलं असतं तर चाललंही नसतं म्हणा.)

फॉरमॅट कधीच करू नये असं माझं म्हणणं नाही हं. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या आला, तोही युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच. त्याने बूटची सुरुवातच खरडून टाकली. आपल्या जेएनपीटीतलं मर्स्क समूहाचं टर्मिनल त्यात बंद पडलं होतं. तिथे किल्ली नाही, घरच जळालं होतं. मर्स्कने दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्याने उभे केले. पण तिथेही अख्ख्या नेटवर्कची ओळखपाळख ज्या सर्व्हरवर असते त्याची एकच धड प्रत उरली होती, घानामधल्या हापिसात, आणि तीसुद्धा तिथे नेमकी वीज गेली होती म्हणून. त्या वेळी कुणी तो सर्व्हर 'मारून टाका' म्हणालं असतं तर?

आणि एक गोष्ट आत्ता उठून करा, लेख नंतर वाचा. नव्या लॅपटॉपच्या डिस्क बऱ्याचदा कुलूपबंदच येतात, बिटलॉकर. बूटमध्ये काही गडबड झाली की तो ४८ आकडी की मागतो. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात पडलेली असते, कागदावर लिहून घ्या. क्राउडस्ट्राइकच्या दिवशी फाइल उडवायला एक मिनिट लागत होतं आणि की शोधायला दिवस, कारण काही ठिकाणी त्या किया ज्या सर्व्हरवर ठेवल्या होत्या तोच निळा पडला होता. शिवाय विंडोज ८ पासून एफ८ नेहमीसारखं चालत नाही. चालू होतानाच बटण दाबून धरून दोन-तीनदा बंद करा, मग ते स्वतःच दुरुस्तीचा पडदा दाखवतं. आणि माझा नोटपॅडचा जुगाड या सगळ्यावर चालतो.

असो. त्या २२ जूनला पोराला मामाने चारशेऐवजी आठशे दिले, माझ्या डोळ्यांकडे बघत. पेनड्राइव्हमधला तो गठ्ठा त्याने माझ्यासमोर डिलीट केला, घरी दुसरी प्रत असेल तर माहीत नाही. रजिस्टरमध्ये मी स्वतः नोंद लिहिली: काय टाकलं, किती वाजता अडकलं, निळ्या स्क्रीनवर काय होतं, ड्रायव्हर कुठला, काय मागे घेतलं. पान भरलं. मामाने चष्मा वर करून ते वाचलं आणि म्हणाला, "एवढं कोण वाचणार रे? पान वाया घालवलंस."

काकांचे निम्मे प्रोग्राम दिवाळीपर्यंत परत उभे राहिले. कंसातल्या ओळी त्यांनी या वेळी प्रोग्राममध्ये लिहिल्याच नाहीत. दोनशे पानी वही आणलीये, ती ते रोज घरी घेऊन जातात.